पियानोवर एस्तेर सोनवणे

सोनवणेबाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली आणि पुढे ती टिकली, तीही बरीचशी भांडणांवरच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही शरणपूर रोडच्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो. नवरा अंबडला कारखान्यात, मी सरकारी कचेरीत कारकून, मुलगी मुक्ता नुकती शाळेत जायला लागलेली. एका रविवारी सकाळी मी रेडिओ लावून पोळ्या लाटत होते. बेल वाजली. दारात एक उंच, सावळ्या बाई उभ्या. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, सुती साडी, पायात मोजे.

"तुम्ही रेडिओ ऐकताय की पोळ्या करताय?"

मी म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही होत नसतं. ऐकायचं असेल तर पोळ्या थांबवा. पोळ्या करायच्या असतील तर तो बंद करा. आत माणूस वाजवत असतो हो. नळ सोडून ठेवल्यासारखं काय ते."

एवढं बोलून त्या जिना चढून वर निघून गेल्या. मी लाटणं हातात घेऊन दारातच. माझ्या घरात मी काय करावं हे सांगणारी ही कोण, म्हणून मी आवाज मुद्दाम वाढवला आणि त्या नादात तव्यावरची पोळी करपवली.

शेजारच्यांना विचारलं तर म्हणाले, ती पियानोवाली, जरा सटकलेली आहे, लक्ष देऊ नका. आपल्याकडे बाईमाणसाला स्वतःचं ठाम मत असलं की तिला सटकलेली म्हणतात, हे मला तोवर पुरतं कळलं नव्हतं. पुढे बाईंच्या संगतीत कळलं. आज मी हे लिहायला बसले आहे ते त्यांचं कौतुक करायला नाही. कौतुक त्यांचं एकदा झालं, भर नाट्यगृहात, अंगावर शाल घालून, आणि त्याच कौतुकाने त्यांच्या आयुष्याची माती केली. मला त्याचा राग आलेला आहे, तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

बाईंना कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "पियानो वाजवता? गोव्याच्या का?"

"नाही. इथलीच. शरणपूरची."

"मग पारशी?"

"सोनवणे."

"सोनवणे आणि पियानो?" असं म्हणून माणूस हसायचा. त्यात वाईट हेतू नसायचा, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. बाईंचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. देवळातली पायपेटी वाजवायला एक म्हातारी मडम होती, तिच्या स्वतःच्या बंगल्यात पियानो होता. तिने या मुलीला हाताशी धरून शिकवलं आणि परीक्षांना बसवलं. मराठी ख्रिस्ती माणसं देऊळ म्हणतात ते चर्चला, हेही लोकांना समजावून सांगावं लागायचं आणि त्यावरही बाई चिडायच्या. "एवढी वर्षं आम्ही तुमच्या शेजारी राहतो. तुम्हाला आमच्या देवाच्या घराचं नाव माहीत नाही, आणि मला मात्र तुमच्या सगळ्या चतुर्थ्या पाठ."

तरुणपणी त्या मुंबईला गेल्या आणि रेडिओवर लागल्या. त्यांचं तिथलं काम त्यांनी मला एकदा जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं. स्टुडिओत पियानोपाशी तयारीत बसून राहायचं. कुणा तज्ज्ञाचं भाषण लवकर संपलं, नाटकाची टेप तुटली, दिल्लीहून बातम्या यायच्या त्या लाइनमध्ये खरखर झाली, की काचेपलीकडच्या माणसाने हात खाली आणायचा. लगेच बाईंनी वाजवायला लागायचं, कारण रेडिओत शांतता म्हणजे अपघात. लाइन सुधारली की तोच माणूस हात वर करायचा आणि बाईंचा पियानो हळूहळू बुडवून टाकायचा. मग पलीकडे बातम्या.

"म्हणजे तुम्ही सुरू केलेलं कधी संपवलंच नाही?" मी विचारलं.

"कधीतरी दिल्लीची लाइन फारच बिघडायची. तेव्हा." त्या म्हणाल्या. "मी तर प्रार्थना करायचे, की आज बिघडू दे."

त्यांचं नाव मात्र रेडिओवर कधी गेलं नाही. एका साहेबाने सुचवलं होतं, की सोनवणे हे आडनाव या संगीताबरोबर कानाला बरं लागत नाही, तुम्ही एस्थर सायमन असं लावा. वडिलांचं नाव शिमोन, म्हणजे इंग्रजीत सायमनच, तेव्हा ते अगदीच खोटं ठरलं नसतं. बरोबरच्या मंडळींनीही सांगितलं, लावून टाक, काय फरक पडतो. बाई म्हणाल्या, सोनवणे सांगणार नसाल तर काहीच सांगू नका. साहेबांनी त्यांचं म्हणणं अगदी शब्दशः पाळलं. "आता ऐकू या पियानोवादन," एवढंच निवेदन व्हायचं. तो किस्सा सांगतानाही त्यांचा आवाज चढायचा, जसं काही साहेब आमच्या जिन्यातच उभे आहेत.

त्या नोकरीच्या जोडीला, आणि नंतर ती सोडून, त्या एका बॅलेच्या कंपनीत गेल्या. आपल्याकडे तेव्हा बॅले म्हणजे मुकुट, धनुष्यबाण आणि धूर. पण नाच बसवणारे गृहस्थ परदेशात शिकून आलेले, त्यांना तालमीला पियानोच लागायचा. तालमी सगळ्या बाईंच्या पियानोवर, आणि प्रयोगाला सतार-बासरीची टेप. गावोगावच्या दौऱ्यात बाई बरोबर असायच्या, कारण रोज सकाळी नाचणाऱ्यांचा सराव व्हायचा. संध्याकाळी त्यांना काही काम नसायचं. एकदा मॅनेजरने त्यांना रावणाची जादा डोकी धरून विंगेत उभं केलं.

"मग तुम्ही धरलीत?"

"धरली की. पण पूर्ण वेळ त्या मॅनेजरकडे बघत धरली. त्याला घाम फुटला."

तिथे त्या एक गोष्ट शिकल्या आणि त्या गोष्टीवर त्यांचा देवाइतकाच विश्वास होता. नाचणाऱ्यासाठी वाजवायचं तर नजर पट्ट्यांवर ठेवायची नाही, त्याच्या पायांवर ठेवायची. माणूस हवेत असताना पुढचा सूर द्यायचा नाही. त्याचा पाय टेकू दे, मग दे. कुणाचा श्वास आखूड असतो, कुणी उंच जाऊन उशिरा उतरतो. "प्रत्येकाची वेळ वेगळी," त्या म्हणायच्या. "घड्याळाला काय कळतंय?"

आई आजारी पडली म्हणून त्या नाशिकला परत आल्या. आई गेली आणि त्या इथेच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. घरी पियानो नव्हता. तिसऱ्या मजल्यावर तो चढवणार कोण, आणि आणणार कुठून? देवळात पेटी होती, पण तिथे नवा इलेक्ट्रिक कीबोर्ड आला आणि तो वाजवायला पाळकांचा, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंचा, पुतण्या बसला. बाई पहिल्या रविवारी ऐकून आल्या आणि आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत.

अशा वेळी रेवती मॅडमनी बॅलेचा क्लास काढला. मॅडम मुंबईहून लग्न होऊन नाशिकला आलेल्या, नवऱ्याचा धंदा जोरात, लहानपणी बॅले शिकलेल्या. कॉलेज रोडला एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला, भिंतीला हात धरायचा लाकडी दांडा लावला. देवळाली कॅम्पातल्या एका क्लबाने भंगारात काढलेला पियानोही मॅडमनी उचलून आणला. हे मात्र मान्य करायला हवं, की तो पियानो त्यांनी आणला. बाईंना बोलावलं. बाईंनी अट घातली, क्लासच्या आधी रोज सकाळी हॉलची किल्ली माझ्याकडे, मी माझं वाजवणार. मॅडम हो म्हणाल्या. त्या किल्लीसाठी बाई मिळेल त्या पगारावर राबायला तयार होत्या. पगार किती हे मी कधी विचारलं नाही, पण त्यांच्या चपला बघून अंदाज यायचा.

मुक्ताला मी त्याच क्लासला घातलं. त्यामागे माझी काही कलेची ओढ नव्हती, बाई वरच्या मजल्यावर राहतात, जाता-येता सोबत होईल, एवढाच हिशोब. आम्ही आया भिंतीकडेला बाकावर बसायचो. मुली बाईंना पियानो आँटी म्हणायच्या. "मी पियानोची आँटी नाही आणि तुझीही नाही," असं बाई प्रत्येकीला एकदा सांगायच्या. मग मुली 'बाई' म्हणायला लागायच्या. कुणाची आई मध्येच बोलली तर बाई वाजवायच्या थांबायच्या आणि सगळा हॉल त्या आईकडे वळून बघायचा. तिथे गप्प बसायला मी शिकले.

त्या क्लासला सुजाता जाधव यायची. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स, मूळची सिन्नरकडची. पोलिओने सुजाताचा डावा पाय बारीक राहिलेला. चालताना जेमतेम कळायचं, धावताना कळायचं. पहिल्या दिवशी जाधव सिस्टर ड्रेसवरच आल्या होत्या, ड्युटीवरून.

"मॅडम, डॉक्टर म्हन्ले हिच्या पायाला कामाला लावा. नुस्ती मालिश करून काय व्हत नाय. पोरगी लय हौशी हाय. घ्या तिला."

मॅडमना नाही म्हणवेना. बाकावरच्या दोघी-तिघी आयांनी एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं पायाबद्दल होतं की त्या कुठल्या वस्तीतून आल्यात त्याबद्दल होतं, हे मला तेव्हाही समजलं होतं आणि मी ते इथे मुद्दाम लिहून ठेवते.

बाईंनी सुजाताला कधी गोड शब्दाने जवळ घेतल्याचं मी पाहिलं नाही. उलट तिच्यावर इतरांपेक्षा जास्त खेकसायच्या. "दांडा सोड. दांड्याला पोलिओ झालाय का?" असं त्या एकदा बोलल्या आणि जाधव सिस्टर बाकावरून उठल्याच. पण सुजाता हसत होती. तिने दांडा सोडला.

त्या वर्गात एक संथ भाग होता. बाईंनीच त्याची चाल रचलेली. मुलींनी एकेक पावलाने पुढे यायचं, डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायचं आणि उजवा पाय मागे उचलायचा. बाकीच्या मुली पटकन वर जायच्या. सुजाताला त्या डाव्या पायावर यायला वेळ लागायचा. आधी ती डगमगायची, मग खांदे सावरायची, मग हळूहळू वर. बाई तिथे हात पट्ट्यांवर दाबून धरून थांबायच्या. नजर सुजाताच्या पायावर. बाकीच्या मुली पाय उचलून ताटकळत असायच्या, थरथरायच्या, मुक्ता घरी येऊन कुरकुरायची. पण सुजाता वर पोचल्याशिवाय पुढचा सूर येत नसे. ती पोचायची. मग सगळा वर्ग मिळून पुढे जायचा. त्या वेळी जाधव सिस्टर खिडकीतून बाहेर बघायच्या, कारण त्यांचे डोळे भरायचे आणि ते कुणाला दिसू द्यायचे नसायचे.

पुढच्या वर्षी बाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. आपल्यामागे क्लास बंद पडू नये, ही रेडिओतली जुनी सवय. बाईंनी स्वतःच सुचवलं, की मी वाजवते, तुम्ही टेप करून घ्या, मी येईपर्यंत चालवा. पण मुली समोर नाचत नसतील तर मला वाजवता येणार नाही, अशी अट घातली. मग एका दुपारी सगळ्या मुलींना बोलावलं, मॅडमचा नवरा चांगला टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि बाईंनी अख्खा वर्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. सुजाता होती. ती नेहमीसारखी डगमगली, बाई नेहमीसारख्या थांबल्या, आणि ते थांबणं टेपमध्ये गेलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही नाही.

डोळा बरा झाल्यावर बाई हॉलवर गेल्या तर कुलूप बदललेलं. मॅडम म्हणाल्या, "बाई, घाई कशाला? डोळ्याला जपा. टेपवर छान चाललंय." पुढच्या आठवड्यातही तेच, त्याच्या पुढच्याही. मग मॅडम पेढे घेऊन स्वतः बाईंच्या घरी आल्या. वार्षिक कार्यक्रमात तुमचा सत्कार करायचा आहे, म्हणाल्या.

बाई खूष झाल्या. त्यांना खूष झालेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं आणि मला ते अजून सोसत नाही. त्या माझ्याकडे साडीला इस्त्री करायला आल्या. म्हणाल्या, "अगं वैशाली, शहरातल्या इतक्या लोकांसमोर नाव घेणार म्हणते ती. पियानोवर एस्तेर सोनवणे. सत्कार झाला की मी पहिल्यापासून वाजवणार. मध्येच कुणी हात वर करायला नाही." त्यांनी तसं गृहीतच धरलं होतं. वादकाचा सत्कार करायचा आणि त्याला वाजवू द्यायचं नाही, असं कुणी करील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

नाट्यगृह भरलं होतं. प्रमुख पाहुणे एक बिल्डर. शाल झाली, श्रीफळ झालं, काचेचं स्मृतिचिन्ह झालं. पियानो कुठे दिसत नव्हता. बाई मान वळवून विंगेत बघत होत्या. निवेदिका वाचत होती, "संगीताच्या प्रदीर्घ सेवेनंतर बाई आता निवृत्त होत आहेत. त्यांना सुखाची विश्रांती लाभो."

बाई उठल्या आणि निवेदिकेच्या समोरून माइक ओढून घेतला.

"मी निवृत्त होत नाहीये. मला हे आत्ता कळतंय. मला विश्रांती नको आहे, हॉलची किल्ली पाहिजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. म्हातारीला कामाची किती आवड, अशा हसऱ्या चेहऱ्याने माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोकडे वळले. बिल्डरने बाईंच्या खांद्याला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. आपल्याकडे माणसाला हाकलायचं असेल तर शिव्या देत नाहीत, शाल देतात. शिव्या दिल्या तर तो भांडू तरी शकतो. शाल पांघरून कुणाशी भांडणार?

मग दिवे मंद झाले आणि टेप सुरू झाली. बाई रंगमंचाच्या कडेला खुर्चीत, मांडीवर नारळ, आणि चारी बाजूंनी त्यांचाच पियानो. मुली आल्या. सगळ्या एका उंचीच्या, एका ठेवणीच्या. सुजाता त्यांच्यात नव्हती. ती शेवटच्या रांगेत आईशेजारी बसली होती. मॅडमनी सिस्टरना सांगितलं होतं, ओळ एकसारखी दिसायला हवी ना, पुढच्या वर्षी बघू. बाईंना हे कुणी कळवलं नव्हतं.

तो संथ भाग आला. मुली चवड्यावर चढल्या, पाय मागे उचलले, आणि टेप थांबली. म्हणजे बंद पडली नाही. बाईंचे हात त्या दुपारी जितका वेळ दाबून थांबले होते तितका वेळ तो एकच आवाज हॉलमध्ये लांबत राहिला. मुली उभ्या. मुक्ताचा पाय लटपटत होता. बाई खुर्चीत पुढे वाकल्या आणि ओळीतल्या एकेका मुलीचे पाय बघू लागल्या. शोधत होत्या. मग त्यांनी बिल्डरला विचारलं, ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं, "सुजाता कुठाय?"

"बसा बाई, बसा," बिल्डर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मुक्ताचं नाव क्लासमधून काढलं. मॅडमना तोंडावर सांगितलं का काढते ते. त्या रडल्या. मॅडम वाईट नव्हत्या, असं माझ्या नवऱ्याचं अजून म्हणणं आहे. पियानोला माणूस ठेवणं परवडत नाही, टेप परवडते, त्यात त्यांचं काय चुकलं, असं तो म्हणतो. मी त्याला एवढंच विचारते, की मग कुलूप कशाला बदललं? सकाळचा रिकामा हॉल होता. एक म्हातारी बाई तिथे एकटी बसून वाजवणार होती. वीजसुद्धा लागत नव्हती.

त्यानंतर बाईंच्या हाताला पियानो लागला नाही. पुण्याला जायचं, मुंबईला जायचं असं बोलायच्या. गेल्या नाहीत. तो पियानो त्या हॉलमध्येच होता, त्यावर मुली दप्तरं ठेवायच्या. बाईंचा राग मात्र धडधाकट राहिला. टीव्हीच्या आवाजावर, भाजीवाल्यावर, पाळकांच्या पुतण्यावर, माझ्या मिक्सरवर. लोक म्हणायचे म्हातारी दिवसेंदिवस बिघडत चालली. मी म्हणायचे बिघडलेली नाही, आणि माझंही लोकांशी वाजायचं.

बरीच वर्षं गेली. मुक्ता इंजिनीअरिंगला पुण्याला गेली. सुजाताने नर्सिंग केलं आणि ती सटाण्याला नोकरीला लागली. तिच्या लग्नाला मी आणि बाई गेलो होतो. बाईंनी तिला विचारलं, "नाचतेस का?" ती म्हणाली, "नाय हो बाई, तेव्हाच सुटलं ते." बाई न जेवताच उठल्या.

मग एकदा माझ्या नणंदेच्या मुलीला क्लासला सोडायला मला जावं लागलं. क्लास आता स्वतःच्या जागेत होता, गंगापूर रोडला, भिंतभर आरसे. टेपची सीडी झाली होती. मॅडम खुर्चीत बसलेल्या आणि त्यांची सून शिकवत होती. तो संथ भाग लागला. इवल्याशा मुली चवड्यावर चढल्या, पाय मागे उचलले, आणि तो आवाज लांबला. सून म्हणत होती, "होल्ड... अजून होल्ड... हलायचं नाही. ही आपल्या क्लासची खासियत आहे, दुसऱ्या कुठल्या क्लासला येत नाही." शेजारच्या एका आईने मला कौतुकाने सांगितलं, की एवढ्या एका होल्डसाठी मुलींना महिना महिना सराव करावा लागतो.

मी घरी येऊन बाईंना सांगितलं. सांगितल्याशिवाय मला राहवलंच नसतं. त्या काठी घेऊन उठल्या. "चल," म्हणाल्या. तेव्हा त्यांना जिना उतरायला त्रास व्हायचा. त्यानंतर महिन्याभरातच त्यांचा भाचा येऊन त्यांना संगमनेरला घेऊन गेला आणि तिथेच त्या गेल्या. मला शेवटच्या नीट दिसल्या त्या त्या संध्याकाळी.

मॅडम त्यांना बघून खुर्चीतून उठल्या. "बाई! किती वर्षांनी. बघा, अजून तुमचंच म्युझिक चालतं आमच्याकडे."

"ते बंद करा."

"का हो?"

"मी तिथे एका मुलीसाठी थांबले होते. ती मुलगी तुम्ही काढलीत. मुलगी काढलीत आणि तिच्यासाठीचं थांबणं ठेवलंत?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "कुठली मुलगी, बाई?" त्यांनी अगदी हळू आवाजात, मायेने विचारलं. आवाजात माया नसती तर मी तिथे एखाद वेळेस गप्प राहिले असते. मी ओरडले, "सुजाता. सुजाता जाधव." तोवर सुनेने पुढच्या तुकडीसाठी त्या संथ भागाची सीडी सुरू केलीही होती.

मुली आरशाच्या बाजूने पुढे येऊ लागल्या. बाई चपला न काढता त्या गुळगुळीत जमिनीवर चालत गेल्या आणि हॉलच्या मधोमध, मुलींच्या वाटेत उभ्या राहिल्या. मुली चवड्यावर चढल्या. पाय मागे उचलले. आवाज लांबत राहिला.

"पाय खाली ठेवा गं पोरींनो," बाई म्हणाल्या. "ती यायची नाही."

मुलींनी आधी बाईंकडे पाहिलं, मग मॅडमच्या सुनेकडे. कुणीच पाय खाली ठेवला नाही. एक तर इतकी लहान होती, की तिची हनुवटी थरथरत होती, तरी ती हलली नाही. बाई तिच्या पायाकडे बघत राहिल्या. मग पुढचा सूर आला आणि मुली बाईंच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेल्या.